अ‍ॅना मणी यांनी पुण्यात माणसे कशी घडवली? व्याख्यानात नेमके काय सांगावे?

मोजपट्टी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एका तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची उपकरणे, हा विषय शिकवतो. येत्या २३ ऑगस्टला, म्हणजे हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांच्या जन्मदिनी, आमच्या विभागात त्यांच्यावर तासाभराचे व्याख्यान ठरले आहे आणि ते देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चरित्राचा सांगाडा जमवला आहे. १९१८ साली त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे जन्म, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली भौतिकशास्त्राची ऑनर्स पदवी, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवरील संशोधन, १९४५ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंड, १९४८ साली परतल्यावर पुण्याच्या वेधशाळेत नोकरी आणि १९७६ साली हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्ती. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून ज्ञानकोश मागितल्याची गोष्टही आहेच. ती सर्वत्र सापडते आणि विद्यार्थ्यांनाही ती पाठ असते.

माझी अडचण वेगळीच आहे. त्यांच्यावरील जवळजवळ प्रत्येक टिपणात एक वाक्य असते, की १९५३ सालापर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. या आकड्याला टाळ्या मिळतात, परंतु त्या १२१ जणांना त्यांनी काय दिले आणि कसे दिले, हे सांगण्याआधीच टिपण पुढच्या सन्मानाकडे वळते. माझ्या वर्गात मुली मोजक्याच आहेत आणि मुलांपैकी अनेकांना पुढे एखाद्या स्त्री अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे लागणार आहे. दोघांनाही उपयोगी पडेल असे, म्हणजे पूर्णपणे पुरुषांच्या असलेल्या तांत्रिक खात्यात एका स्त्रीने सहकाऱ्यांना तयार कसे केले याविषयी, जाणकारांनी काही सांगितले तर उपकार होतील. निव्वळ गौरवाची वाक्ये माझ्याकडे पुरेशी आहेत.

जुना फिटर

सर, मी हवामान खात्यात नव्हतो आणि मणीबाईंना कधी पाहिलेलेही नाही, हे आधीच सांगतो. माझी नोकरी मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. त्यामुळे माणसांच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. मात्र त्यांनी केलेल्या कामाचा वर्कशॉपमध्ये काय अर्थ होतो, एवढे मी सांगू शकतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

त्या पुण्यात रुजू झाल्या तेव्हा देशाच्या हवामान खात्याला साधे तापमापक आणि वायुभारमापकही परदेशातून मागवावे लागत. एस. पी. वेंकटेश्वरन हे त्यांचे वरिष्ठ होते आणि ही उपकरणे पुण्यातच बनवायची, हा ध्यास मूळचा त्यांचा होता. मणींनी त्या ध्यासाला शिस्त दिली. सुमारे १०० वेगवेगळ्या उपकरणांची ड्रॉइंग त्यांनी प्रमाणित करून घेतली आणि त्यांवरून उत्पादन सुरू केले. बहुतेक लेखांत हे वाक्य एका ओळीत संपते, कारण लिहिणाऱ्यांनी ड्रॉइंगवरून कधी काम केलेले नसते.

साध्या पर्जन्यमापकाचे उदाहरण घ्या. जुन्या सायमन्स पद्धतीच्या मापकाच्या तोंडाचा व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर असे. पाऊस मोजायचा म्हणजे त्या तोंडातून किती पाणी आत आले ते मोजायचे, म्हणून सगळी मदार तोंडाच्या क्षेत्रफळावर असते. कारागिराच्या हातून व्यास एक मिलिमीटरने जास्त झाला, तर क्षेत्रफळ सुमारे दीड टक्क्याने वाढते आणि ते उपकरण पुढे वर्षानुवर्षे, दररोज सकाळी साडेआठला, दीड टक्का जास्त पाऊस दाखवत राहते. कोणालाही संशय येत नाही, कारण आकडा दिसायला नेहमीसारखाच असतो. चांगला कारागीर असे होऊ देत नाही, हे खरे. पण त्याचे कसब त्याच्या हातात असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असेल, तपासणीचा गेज, म्हणजे माप ताडण्याचे साधन, ठरलेला असेल आणि नापास झालेला नग परत पाठवण्याची पद्धत असेल, तर कालच भरती झालेला मुलगासुद्धा बरोबर नग काढू शकतो.

आमच्या काळातील बहुतेक वर्कशॉपांत उस्ताद मंडळी खरी युक्ती शेवटपर्यंत राखून ठेवत. शिकाऊ मुलाने वर्ष-दोन वर्षे चहा आणावा, उस्तादाची मर्जी सांभाळावी, मग कधीतरी त्याला एखादी गोष्ट कळे. अशा वातावरणात मर्जीतले ज्ञान कागदावर उतरवणे ही शिकवण्याचीच एक रीत आहे, आणि माझ्या मते सर्वांत न्याय्य रीत आहे. १२१ जणांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना मार्गदर्शन करणे कोणालाही शक्य नसते. चूक कुठे झाली हे प्रत्येकाला स्वतःच तपासता येईल असे साधन त्यांच्या हातात देणे मात्र शक्य असते.

इतिहासवेडी

जुना फिटर यांचा प्रतिसाद फार आवडला. त्याला पुण्याच्या आधीचा एक धागा जोडते, कारण तो माहीत असला की ड्रॉइंगचे महत्त्व आणखी स्पष्ट होते.

भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्याकडे आलेल्या स्त्रिया अगदी थोड्या होत्या. महाराष्ट्रातील वाचकांना कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची हकिकत ठाऊक असते. १९३३ साली रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत आणि अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. मणी १९४० साली तिथे गेल्या तेव्हा दार उघडे होते, पण आतली हवा फारशी बदललेली नव्हती. स्त्री आणि पुरुष संशोधकांनी एकमेकांत मिसळू नये असा तिथला दंडक होता. त्यामुळे कट्ट्यावर, जेवणाच्या वेळी किंवा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून होणारी जी वैज्ञानिक चर्चा असते, आणि जिच्यातून नवा संशोधक खरे तर निम्मे शिकतो, ती त्यांच्या वाट्याला आली नाही. एखाद्या स्त्रीच्या हातून उपकरण हाताळताना किंवा प्रयोगाची मांडणी करताना किरकोळ चूक झाली, तर ती स्त्रीजातीच्या अकार्यक्षमतेचा पुरावा म्हणून काही पुरुष लगेच गाजवत, असे मणींनी पुढे एका स्त्री अभ्यासकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले होते.

या अवस्थेत त्यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. एकेका छायाचित्रण-काचेला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास प्रकाश द्यावा लागे आणि त्यासाठी त्या अनेकदा प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि पाचांवरही त्यांचे एकट्याचेच नाव आहे. एवढे करून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. ऑनर्सची पदवी आणि संशोधनासाठी मिळालेली शिष्यवृत्ती विचारात घेतली गेली नाही. त्यांचा प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

आता माझा तर्क सांगते आणि तो तर्क आहे हे मान्य करूनच सांगते. ज्या व्यक्तीला गप्पांतून मिळणारे ज्ञान नाकारले गेले, तिला ज्ञान गप्पांवर सोडण्यातला अन्याय इतरांपेक्षा लवकर दिसतो. पुण्यात त्यांनी ज्ञान कागदावर आणि तपासणीच्या टेबलावर आणले, ते निव्वळ अभियांत्रिकी शहाणपणातून आले असे मला वाटत नाही. दुसरी गोष्ट चुकीविषयीची. चुकीवरून माणसाची जात, लिंग, लायकी ठरवली जाते त्या ठिकाणी लोक चुका लपवतात, आणि मोजमापाच्या खात्यात लपवलेल्या चुकीइतके घातक दुसरे काही नसते. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, अशा अर्थाचे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. आपल्या विद्यार्थ्यांना हे मत सांगताना त्याची सांगड बंगळूरच्या अनुभवाशी घालावी, असे सुचवते.

पवनचक्कीखाली

मी सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठाराच्या पायथ्याच्या गावचा आहे आणि पवनऊर्जेच्या क्षेत्रात काम करतो. मोजपट्टी सर, निवृत्तीनंतरचा भाग वगळू नका, ही विनंती करण्यासाठी लिहीत आहे. बहुतेक व्याख्याने १९७६ साली थांबतात आणि आमच्या क्षेत्राचा जन्म नेमका त्यानंतर होतो.

निवृत्तीनंतर मणी काही वर्षे रामन संशोधन संस्थेत होत्या. भारतातील सौर प्रारणाच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेच्या, मोजमापांवर आधारित त्यांचे दोन मोठे संदर्भग्रंथ १९८०च्या आसपास प्रसिद्ध झाले, आणि १९८३ साली त्यांनी डी. ए. मुळे यांच्यासह भारतातील पवनऊर्जेची आकडेवारी ग्रंथरूपाने काढली. मुळे हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील, मान्सूनच्या पावसाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ. पुढे देशभर शेकडो ठिकाणी मनोरे उभारून वाऱ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली, तिचे नेतृत्वही मणींनीच केले, आणि तेव्हा त्यांचे वय सत्तरीकडे झुकत होते. बंगळूरला वाऱ्याची आणि सौर ऊर्जेची उपकरणे तयार करणारा छोटा कारखानाही त्यांनी चालवला.

हे आमच्यासाठी किती मोलाचे, ते एका गणितात सांगतो. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वायुवेगमापक १० टक्के जास्त वेग दाखवत असेल, तर शक्तीचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो. अशा अंदाजावर कर्ज काढून पवनचक्क्या उभ्या केल्या, की दोष पठाराला दिला जातो आणि वारा लहरी ठरतो. म्हणून आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला सर्वांत आधी वायुवेगमापकाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे तो प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिल्याचा दाखला, वाचायला शिकवतात. मणींना आमच्यापैकी कोणीही भेटलेले नाही, तरी ही सवय ज्या परंपरेतून आली ती पुण्याच्या त्या विभागातून निघाली आहे, असे मी मानतो.

केरळातील थुंबाचेही असेच. विक्रम साराभाई यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारायला घेतले, तेव्हा हवामान वेधशाळा आणि उपकरणांनी सज्ज मनोऱ्याचे काम मणींकडे आले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण सुटला. त्या काळातील या अग्निबाणांना उड्डाणानंतर दिशा देण्याची सोय नव्हती, त्यामुळे प्रक्षेपकाचा कोन ठरवताना जमिनीजवळचा वारा अचूक माहीत असणे आवश्यक होते. अवकाश कार्यक्रमाच्या कथांमध्ये मनोऱ्यावरच्या वायुवेगमापकाला स्थान नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

सरळ बोलतो

चर्चा चांगली चालली आहे, परंतु तिला थोडा लगाम घालावासा वाटतो.

पहिली गोष्ट अशी, की १२१ जण त्यांच्या हाताखाली होते म्हणजे त्या सर्वांच्या मार्गदर्शक होत्या, असे आपण गृहीत धरत आहोत. सरकारी खात्यात विभागप्रमुखाच्या हाताखाली माणसे असतातच. ती पदाबरोबर येतात. दुसरी गोष्ट, ड्रॉइंग प्रमाणित करणे हे त्या काळात अनेक ठिकाणी घडत होते. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आयात कमी करण्याचे धोरण होते आणि वेंकटेश्वरन यांच्यासारखा वरिष्ठ पाठीशी होता, ही परिस्थितीही लक्षात घ्यावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मणींना स्वतःला हे चित्र रुचले नसते. आपण स्त्री आहोत या गोष्टीचा आपल्या आयुष्यातील निवडींशी काहीही संबंध नव्हता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी त्याच मुलाखतीत दिले आहे, जिचा उल्लेख इतिहासवेडी यांनी केला. आपण त्यांच्या भेदभावाच्या आठवणी घ्यायच्या आणि त्यांचा हा निष्कर्ष मात्र बाजूला ठेवायचा, हे बरे नाही. पुरुषांच्या खात्यातील धैर्यशील स्त्री या चौकटीत त्यांना बसवले, तर विद्यार्थी चौकट लक्षात ठेवतील आणि काम विसरतील.

इतिहासवेडी

आपला तिसरा मुद्दा मला मान्य आहे आणि व्याख्यानात त्यांचे हे मत सांगितलेच पाहिजे. मात्र दोन्ही विधाने एकाच व्यक्तीने एकाच संभाषणात केली आहेत, तेव्हा दोन्ही शेजारी-शेजारी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. स्वतःवर झालेला अन्याय तपशिलाने सांगायचा आणि त्यामुळे आपले काही अडले हे मान्य करायला ठाम नकार द्यायचा, हे त्या पिढीतील अनेक कर्तबगार स्त्रियांमध्ये दिसते. डॉक्टरेट मिळाली नाही म्हणून आपले काहीही बिघडले नाही, असेही त्या सांगत असत. त्यांच्या या म्हणण्याचा मान राखून विद्यापीठाने केले ते चूकच होते असे म्हणता येते. त्यासाठी त्यांना दुःखी नायिका करण्याची गरज नाही.

जुना फिटर

सरळ बोलतो साहेब, माणसे पदाबरोबर येतात हे अगदी खरे. पण पदाबरोबर आलेली माणसे काम शिकतातच असे नाही, हे मी नोकरीभर पाहिले आहे. एखादा विभाग शिकता झाला की नाही, हे साहेब असताना कळत नाही; त्याने हाती घेतलेली उपकरणे पुढे किती अवघड होत गेली यावरून कळते. मणीबाईंच्या विभागाचा प्रवास पाहा. सुरुवात तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक अशा साध्या वस्तूंपासून झाली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या पृथ्वीच्या अभ्यासाच्या, निमित्ताने सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले आणि त्यासाठी लागणारी नाजूक उपकरणे देशातच होऊ लागली. १९६० च्या दशकात फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारा भारतीय ओझोनसाँड तयार झाला.

पर्जन्यमापकाला चांगला पत्र्याचा कारागीर पुरतो. सौर प्रारणमापकात सूर्यप्रकाशाने तापणारी काळी पट्टी, तिच्यातून निघणारा अतिशय क्षीण विद्युतदाब आणि वर काचेचा घुमट असतो. असा प्रत्येक नग उन्हात प्रमाण उपकरणाच्या शेजारी ठेवून ताडून पाहावा लागतो, त्याचा गुणांक लिहून ठेवावा लागतो आणि काही काळाने पुन्हा तेच करावे लागते. पत्र्यापासून इथपर्यंत एखादा विभाग दहा-पंधरा वर्षांत पोहोचतो, तेव्हा मधल्या काळात पुष्कळ लोक पुष्कळ काही शिकलेले असतात. हे श्रेय एकट्या बाईंचे नाही, वेंकटेश्वरन यांचेही आहे आणि त्या १२१ जणांचेही आहे. पण हे काम घडत असताना प्रमुखाच्या खुर्चीत त्या होत्या, आणि मोजमापात ढिलाई चालणार नाही हा आग्रह कोणाचा होता, याविषयी वाद नाही.

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून व्याख्यानाचा आराखडा बदलला आहे. जन्म, बालपण आणि कुड्यांची गोष्ट पाच मिनिटांत उरकतो, बंगळूर पंधरा मिनिटे आणि उरलेला सगळा वेळ पुणे, थुंबा आणि पवनऊर्जा यांना देतो. त्यांची दोन्ही मते, भेदभावाविषयीचे आणि त्याने काही अडले नाही याविषयीचे, एकाच पारदर्शिकेवर लिहीन आणि चर्चा विद्यार्थ्यांवर सोडेन.

एक शंका उरते. भाषणानंतर वर्गात प्रात्यक्षिक घ्यावे असे वाटते. आमच्याकडे जुने पत्र्याचे आणि नवे फायबरग्लासचे असे दोन्ही प्रकारचे पर्जन्यमापक आहेत. जुना फिटर साहेब, काय करवून घ्यावे?

जुना फिटर

प्रत्येक गटाला एक मापक आणि एक व्हर्नियर कॅलिपर द्या, आणि तोंडाचा आतला व्यास किमान सहा दिशांनी मोजायला लावा, कारण जुने पत्र्याचे तोंड हटकून लंबगोल झालेले असते. त्यावरून क्षेत्रफळ काढू द्या. मग मोजपात्रांची, म्हणजे साचलेले पाणी ज्यांत ओतून पावसाचा आकडा वाचतात त्या पात्रांची, मुद्दाम अदलाबदल करा. फायबरग्लासचे मापक २०० आणि १०० चौरस सेंटिमीटर अशा दोन तोंडांत मिळते आणि प्रत्येकाचे मोजपात्र वेगळे असते. मोठ्याचे पात्र लहान तोंडाला वापरले, तर पाऊस निम्माच भरतो. ही चूक शोधून काढणाऱ्या गटाला ती कशी लक्षात आली, हे लिहून द्यायला सांगा, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी तो कागद मापकाच्या पेटीतच ठेवा. मुलींना नोंदी लिहायला आणि मुलांना कॅलिपर हाताळायला, अशी वाटणी आपोआप होईल. ती होऊ देऊ नका.

सरळ बोलतो

हे उत्तम झाले. फक्त एक पाहा: महाविद्यालयांतल्या फलकांवर सवयीने सर्वांच्या नावामागे डॉक्टर लावतात. मणींच्या बाबतीत ती उपाधी विद्यापीठाने दिलेली नाही, तेव्हा फलकावर नुसते अ‍ॅना मणी एवढेच लिहावे. हवे असल्यास त्याखाली १९८७ सालचे के. आर. रामनाथन पदक लिहावे, ते त्यांना खरोखर मिळाले होते.